‘यलो झोन’चा प्लॉट आणि एनए प्लॉट: फरक कुठे आहे

पुणे, नाशिक, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही शहराच्या वेशीबाहेर गेलं की प्लॉटविक्रीचे फलक सुरू होतात. कुठे ‘एनए प्लॉट’ लिहिलेलं असतं, कुठे ‘आर झोन’, कुठे ‘यलो झोन’, आणि कुठे सगळंच एका ओळीत. घर बांधायला जागा शोधणाऱ्या माणसाला वाटतं, अर्थ एकच असणार. तो एकच नाही, आणि या गैरसमजात अनेक कुटुंबांची आयुष्यभराची बचत अडकते.

झोन हा आराखड्यातला रंग आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली शहरांचे विकास आराखडे आणि आसपासच्या गावांच्या प्रादेशिक योजना तयार होतात. त्यांच्या नकाशात निवासी भाग पिवळा (म्हणून ‘यलो झोन’, किंवा रेसिडेन्शियलचा ‘आर झोन’) आणि शेतीचा भाग हिरवा दाखवतात. एखादा गट पिवळ्यात आला, म्हणजे तिथे घरं व्हायला नियोजनाची हरकत नाही, एवढंच. जमीन त्या दिवशीही शेतजमीनच असते. सातबाऱ्यावर पीकपाहणी असते आणि मालक ज्वारी पेरत असतो.

एनए, म्हणजे अकृषिक, ही महसुलाची बाब आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे शेतजमिनीचा वापर बदलायचा तर शासनाकडे रीतसर रूपांतर व्हावं लागतं. ते झालं की सातबाऱ्यावर तशी नोंद येते आणि पिकांचा गाव नमुना १२ त्या क्षेत्राला लागत नाही. हा फरक घरबसल्या तपासता येतो: महाभूलेखवर गट नंबर टाका आणि सातबारा वाचा. विक्रेता ‘एनए’ म्हणत असेल आणि नमुना १२ मध्ये सोयाबीन दिसत असेल, तर त्या गटाचं रूपांतर नोंदलेलं नाही.

गोंधळ वाढण्याला एक खरं कारणही आहे. पूर्वी प्रत्येक जागेसाठी जिल्हाधिकाऱ्यांचा वेगळा एनए आदेश लागायचा. नंतर संहितेत ४२-ब, ४२-क, ४२-ड ही कलमं आली. अंतिम विकास आराखड्यात निवासी असलेल्या जमिनीला, तसंच गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला तो स्वतंत्र खटाटोप उरला नाही. ‘यलो झोन म्हणजे एनएच की साहेब,’ असं एजंट म्हणतो तेव्हा तो याच्यावरच बोट ठेवत असतो. पण सवलत प्रक्रियेत मिळाली आहे. ठरलेली रक्कम शासनाकडे भरणं आणि बांधकामाची किंवा रेखांकनाची मंजुरी घेणं, यातलं काहीच रंगामुळे आपोआप होत नाही. या तरतुदी वारंवार बदलतात, म्हणून ज्या महिन्यात व्यवहार करायचा त्या महिन्यात तहसील कार्यालयात जाऊन चालू नियम विचारावा.

रंगही कायमचा नसतो. प्रारूप आराखडा आणि मंजूर आराखडा यांत मोठं अंतर आहे. पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो रद्द करण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला. मधल्या काळात ‘प्रस्तावित आर झोन’ ऐकून पैसे गुंतवणाऱ्यांच्या हातात त्या पिवळ्या रंगाचं काय राहिलं? म्हणून झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचना कार्यालयातून स्वतः काढावा. व्हॉट्सॲपवर आलेला रंगीत नकाशा त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता मुख्य मुद्दा. जमीन पिवळ्यात आहे, एनएसुद्धा झाली आहे, तरी तुम्हाला दाखवलेला प्लॉट अस्तित्वात नसू शकतो. प्लॉट तयार होतो मंजूर रेखांकनातून, ज्याला सगळे लेआउट म्हणतात. एक एकर घ्या: ४० गुंठे, साधारण ४०४७ चौरस मीटर. राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. म्हणजे चार गुंठे तिथेच गेले. त्यात अंतर्गत रस्ते धरले की विकायला तीसच्या आसपास गुंठे उरतात, बऱ्याचदा कमीच. याउलट जमिनीवर नुसती चुन्याची फक्की मारून एकराचे चाळीस गुंठे पाडून विकणारा माणूस रस्ता आणि बागसुद्धा तुम्हालाच विकत असतो. उद्या बांधकाम परवानगी मागायला गेलात की नियमाप्रमाणे रस्ता कुठे आहे, हा प्रश्न येतो. तेव्हा शेजारच्या चार प्लॉटवाल्यांपैकी कोण आपली जागा सोडणार?

लेआउटमध्येही दोन टप्पे असतात, आणि जाहिरातीत ते मुद्दाम पुसट ठेवले जातात. आधी तात्पुरती मंजुरी मिळते, तिला बाजारात टेंटेटिव्ह म्हणतात. त्यानंतर जागेवर आखणी, भूमी अभिलेख खात्याची मोजणी, रस्ते आणि गटारं होऊन अंतिम मंजुरी येते. कजाप, म्हणजे कमी-जास्त पत्रक, होऊन प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघाला की तो प्लॉट नकाशातही तुमचा आणि कागदातही. टेंटेटिव्हवर विसार देणं चूकच असं मी म्हणणार नाही. पण भाव अंतिम लेआउटचा देऊ नये.

यलो झोनचा प्लॉट स्वस्त का, हेही यातच आहे. एनए लेआउटचा भाव चौरस फुटावर सांगतात, झोनच्या जमिनीचा गुंठ्यावर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. भागून पाहिलं की फरक डोळ्यांत भरतो. तो फरक म्हणजे अजून न भरलेली रक्कम, न सोडलेला रस्ता आणि न झालेली मोजणी.

शिवाय तुकडेबंदी कायदा आडवा येतो. १९४७ चा हा कायदा प्रमाणभूत, म्हणजे शासनाने ठरवलेल्या किमान, क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकू देत नाही. २०२३ मध्ये ते क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. त्यावर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे दहा अनोळखी लोकांना एकत्र करून एकच खरेदीखत करणं. सातबाऱ्यावर दहा नावं लागतात, पण कोणता गुंठा कोणाचा हे कुठेच नसतं. बँक अशा हिश्श्यावर सहसा कर्ज देत नाही, आणि पुढे विकताना बाकीच्या नऊ जणांशी वाद उभा राहू शकतो. निवासी भागातल्या जुन्या तुकड्यांना शासनाने २०२५ मध्ये दिलासा दिला आहे, पण तो जुन्या व्यवहारांसाठी आहे. त्याच्या भरवशावर आज नवा एक गुंठा घेऊ नये.

मग यलो झोनची जमीन घ्यायचीच नाही का? घ्यावी, पण अख्खा गट किंवा मोठा सलग हिस्सा घेऊन स्वतः लेआउट मंजूर करून घेण्याची तयारी, वेळ आणि पैसा असेल तरच. तीन-चार भावंडं मिळून असं करतात आणि त्यांना ते परवडतं. नोकरदार कुटुंबाला दोन वर्षांत घर उभं करायचं असेल, तर अंतिम लेआउटमधला एनए प्लॉटच बघावा, भाव जास्त असला तरी.

विसार देण्यापूर्वी विक्रेत्याकडे मंजूर लेआउटची सही-शिक्क्याची प्रत मागा आणि तिच्यात आपला प्लॉट नंबर शोधा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हवा. तो संकेतस्थळावर टाकला की मंजुरीची कागदपत्रं तिथेच दिसतात. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा तपास, घ्या आणि सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर शासनाचे निर्बंध असलेली जमीन) लिहिलं आहे का पाहा. असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. लेआउटची प्रत ‘ऑफिसला आहे, नंतर देतो’ असं उत्तर आलं, तर विसार त्या प्रतीनंतरच द्या.