सकर मासा नदीत आला कसा?

काचेच्या टाकीत शेवाळ धरलं की दुकानदार हमखास सकर सुचवतो. बोटभर मासा, अंगावर ठिपके, खालच्या बाजूला असलेलं तोंड काचेला चिकटवून शेवाळ खरवडत राहणारा. स्वस्त आणि चिवट. पुढे तो हातभर वाढतो, हे मात्र विकताना सहसा कोणी सांगत नाही. टाकी अपुरी पडते, मारायला जीव धजत नाही, मग त्याला नदीत किंवा तळ्यात सोडलं जातं. सोडणाऱ्याला वाटतं, जीवदान दिलं.

हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉन, ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतला. तिथे उन्हाळ्यात डबकी आटतात, पाण्यातला प्राणवायू संपतो. तेव्हा तो वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून प्राणवायू शोषतो. म्हणूनच सांडपाण्यानं काळवंडलेल्या नदीतही तो तगतो. अंगावर हाडांच्या चकत्यांचं चिलखत, पाठीवर आणि छातीच्या परांना कणखर काटे. प्वेर्तो रिकोत त्याला गिळू पाहणारे पेलिकन पक्षी घशात मासा अडकून मेल्याची नोंद आहे. विणीसाठी नर काठाच्या मातीत खोल बीळ खोदतो आणि अंडी राखत बसतो. बिळं वाढली की काठ ढासळतो.

शोभेच्या माशांच्या व्यापारानं त्याला जगभर नेलं. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये तो विसाव्या शतकातच मोकळ्या पाण्यात पोचला. मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात १९९५ साली त्याची पहिली नोंद झाली. याच खोऱ्यातल्या इन्फियर्निलो धरणावर तिलापियाची, म्हणजे आपल्या चिलापीची, मोठी मासेमारी चाले. काही वर्षांतच तिथल्या जाळ्यांत चिलापीपेक्षा सकरच जास्त येऊ लागला आणि मच्छीमारांची मिळकत बसली.

भारतात केरळ, पूर्व कोलकात्याची पाणथळ जमीन, वाराणसीजवळची गंगा अशा ठिकाणी तो सापडला आहे. आपल्याकडे उजनी धरणातही. पुण्याच्या नद्यांचं पाणी शेवटी उजनीतच जातं, त्यामुळे शहरात कुणी पुलावरून सोडलेला मासा तिथे पोचायला काहीच आडकाठी नाही. तो जाळ्यात आला की काटे अडकतात, सोडवताना जाळं फाटतं, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. नुकसान सोसतो तो मच्छीमार, ज्याने असा मासा कधी विकतही घेतला नाही.

बांगलादेशाने २०२३ साली सकरची आयात, पैदास आणि विक्री यांवर बंदी आणली. आपल्याकडे तो शोभेच्या माशांच्या दुकानात आजही सहज मिळतो.