गाठ सोडणारा 'अन'

बुटाची लेस बांधणं म्हणजे इंग्रजीत 'टाय', आणि सोडणं म्हणजे 'अनटाय'. मराठीत या दोन कामांना दोन स्वतंत्र क्रियापदं आहेत. इंग्रजीनं एकच घेतलं आणि पुढे 'अन' जोडून ते उलटं फिरवलं. 'लॉक'चं 'अनलॉक', 'फोल्ड'चं 'अनफोल्ड', 'रॅप'चं 'अनरॅप'. उघडण्यासाठीचा शब्द हवा असेल तर आधी बंद करण्याच्या शब्दाकडे जावं लागतं, असा हा मामला.

'अन' म्हणजे 'नाही', हे आपण शाळेत शिकलेलो असतो. 'अनहॅपी' म्हणजे आनंदी नसलेला. पण 'अनटाय' म्हणजे 'न बांधणं' नव्हे. जी लेस कधी बांधलीच नव्हती, ती 'अनटाय' कशी करणार? हे खरं तर दोन वेगळे उपसर्ग आहेत. 'अनहॅपी'तला 'अन' आपल्या 'अनंत', 'अनादि'तल्या 'अन्'चा सख्खा भाऊ. 'अनटाय'मधला दुसऱ्याच घराण्यातला. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'ऑन्ड' किंवा 'ऑन' असं होतं आणि अर्थ 'समोरून, उलट'. ग्रीक 'अँटी', जर्मन 'एंट' आणि संस्कृत 'अन्ति' हे त्याचे नातलग. 'आन्सर' या शब्दाच्या सुरुवातीलाही तोच बसलाय. पुढे उच्चार झिजत गेले आणि दोघं एकसारखे ऐकू येऊ लागले.

त्यातून झालेली गंमत 'अनलॉकेबल'मध्ये दिसते. एखादं दार 'अनलॉकेबल' आहे म्हणजे काय? 'अनलॉक' आधी जोडून मग 'एबल' लावलं, तर त्याचं कुलूप उघडता येतं. 'लॉकेबल' आधी जोडून मग 'अन' लावलं, तर त्याला कुलूप लावताच येत नाही. अक्षरं तीच, क्रमही तोच, फक्त कोण कोणाला आधी चिकटलं यावर सगळं ठरतं. शब्द म्हणजे मण्यांची सरळ माळ नसते, त्याला आतून थर असतात, हे भाषाविज्ञानात शिकवताना याच शब्दाचा दाखला हमखास देतात.

हा उलटा फिरवणारा 'अन' वाटेल त्या क्रियापदाला लागत नाही. 'अनब्रेक', 'अनमेल्ट', 'अनस्पिल' असं कुणी म्हणत नाही. का? बेंजामिन ली व्होर्फ यांना हा प्रश्न पडला. हे गृहस्थ पोटापाण्यासाठी विमा कंपनीत आग-प्रतिबंधाचे अभियंते होते आणि उरलेल्या वेळात भाषांचा अभ्यास करत. 1930च्या दशकात त्यांनी दाखवलं, की 'अन' घेणारी क्रियापदं बहुतेक झाकणं, गुंडाळणं, अडकवणं, चिकटवणं अशा अर्थांची असतात. या गटाला इंग्रजीत नाव नाही, व्याकरणात खूण नाही, तरी बोलणारा तो न चुकता पाळतो. अशा छुप्या वर्गाला व्होर्फ यांनी 'क्रिप्टोटाइप' म्हटलं. व्होर्फ यांची काही विधानं पुढे टिकली नाहीत, पण हे निरीक्षण मला त्यांचं सगळ्यात देखणं काम वाटतं.

लहान मुलांना हा वर्ग आयता मिळत नाही. मेलिसा बोवरमन या संशोधिकेनं आपल्या मुलींचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून ठेवलं. त्यात 'अनहेट' हा शब्द सापडतो: मी तुला कधीच 'अनहेट' करणार नाही, अशा अर्थाची रागावलेल्या मुलीची धमकी! मोठी माणसं असं म्हणत नाहीत, पण यात तर्काची चूक कुठे आहे? तिरस्कारही चिकटतोच की. मोठेही नवे शब्द पाडतात, आणि तेही याच साच्यातून. 'अनफ्रेंड' हा एका नामवंत अमेरिकन इंग्रजी शब्दकोशानं 2009 सालचा शब्द ठरवला होता. जोडलेलं तोडायचं, म्हणून 'अन' चालला.

सोडण्याचे काही इंग्रजी शब्द मात्र बांधण्याच्या शब्दांतच दडून बसलेत. 'लीश' म्हणजे कुत्र्याला बांधायचा पट्टा, 'अनलीश' म्हणजे मोकाट सोडणं. पण 'लीश' ज्या जुन्या फ्रेंच क्रियापदातून आला, त्याचा अर्थच 'सैल सोडणं' असा होता. शिकारी कुत्र्याला सैल दोरीवर पुढे जाऊ देत, ती ही दोरी. 'रिलीज' आणि 'रिलॅक्स' त्याच मुळाचे. म्हणजे 'अनलीश' हा व्युत्पत्तीनं पाहिला तर 'सोडण्याच्या उलट' ठरतो.

'लेट'ची कथा याहून अवघड. जुन्या इंग्रजीत 'जाऊ देणं' आणि 'अडवणं' अशी दोन वेगळी क्रियापदं होती. दोघांचे उच्चार झिजून 'लेट' झाले. जाऊ देणारा जिंकला. अडवणारा ब्रिटिश पासपोर्टवरच्या 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' अशा मोजक्या ठिकाणी तग धरून आहे.

आणि 'ओपन'? त्याला बंद करण्याच्या शब्दाची उसनवारी लागली नाही. त्याचं नातं 'अप'शी, म्हणजे वर उचललेलं ते उघडं. मराठी 'उघडणे' संस्कृत 'उद्घाट'वरून आलं, आणि त्यातला 'उद्' म्हणजेही वर, बाहेर. या 'उद्'चा इंग्रजीतला भाऊ 'आउट'. 'ओपन'ला गाठ सोडणारा 'अन' लागत नाही, तरी न उघडलेलं पत्र मात्र 'अनओपन्ड'. तिथे आलेला 'अन' तो दुसरा, 'अनंत'चा भाऊ.