केबिन दाबनियंत्रण (विमान)

उंचावर उडणाऱ्या विमानात माणसाला श्वास घेता यावा इतका हवेचा दाब राखणारी व्यवस्था. ११,००० मीटरवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या पाव हिश्श्याहूनही कमी असतो. हवेतला ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, पण दाबाअभावी तो रक्तात पुरेसा उतरत नाही.

केबिन म्हणजे हवा भरून तोंड बांधलेला फुगा, अशी अनेकांची समजूत असते. खरे तर ती सतत भरत आणि सतत गळत असते. पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर धरणाची पातळी दरवाजे किती उचलले यावर सांभाळली जाते. वरून येणारी आवक कोणाच्या हातात नसते. विमानातही मुख्य नियंत्रण विसर्गावरच असते. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून घेतलेली दाबाची, तापलेली हवा (ब्लीड एअर) ‘पॅक’मध्ये थंड होऊन आत येते आणि बहुधा शेपटीकडे असलेल्या आउटफ्लो व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. त्या व्हॉल्व्हचे तोंड किती उघडायचे हे संगणक ठरवतो. बोइंग ७८७मध्ये मात्र इंजिनाची हवा न घेता विजेवरचे कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून आत सोडतात.

आतला दाब ‘केबिनची उंची’ म्हणून मोजतात: बाहेर तेवढाच दाब ज्या उंचीवर असतो ती उंची. ती साधारण १,८०० ते २,४०० मीटर ठेवतात, म्हणजे साल्हेर (१,५६७ मीटर) आणि कळसूबाई (१,६४६ मीटर) या दोन्ही माथ्यांहून वर. नाशिकच्या ओझर विमानतळावर विमानात चढताना पिशवीत टाकलेले चिवड्याचे पाकीट म्हणूनच उशीसारखे टरारते: नाशिक सुमारे ६०० मीटरवर, तेव्हा २,४०० मीटरच्या दाबात पाकिटातली हवा जवळपास सव्वापट जागा मागते. वर रिकामी करून बूच लावलेली पाण्याची बाटली उतरल्यावर चेपलेली दिसते, तीही याच कारणाने.

समुद्रसपाटीइतका दाब ठेवत नाहीत, कारण ताण सांगाड्यावर येतो. आतबाहेरचा फरक ८ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) असला तरी दर चौरस मीटरवर साडेपाच टनांहून अधिक भार पडतो, आणि प्रत्येक उड्डाणात सांगाडा एकदा फुगून पुन्हा सैलावतो. १९५४ मध्ये दोन कॉमेट प्रवासी विमाने धातूच्या अशाच थकव्याने हवेत फुटली. फरक मर्यादेबाहेर गेला तर सुरक्षा व्हॉल्व्ह आपोआप उघडतात.

उतरण्याच्या विमानतळाची उंची संगणकाला आधीच ठाऊक लागते. ओझरला उतरताना केबिन त्या धावपट्टीच्या पातळीवर, कानांना सोसेल अशा मंद गतीने आणली जाते आणि चाके टेकल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो.

केबिनची उंची ३,००० मीटरच्या पुढे गेली की वैमानिकांना इशारा मिळतो. साधारण ४,३०० मीटरला प्रवाशांपुढे मुखवटे लोंबतात. दाब अचानक गेला तर ११,००० मीटरवर शुद्ध अर्ध्या ते एका मिनिटापुरतीच टिकते. म्हणून आधी आपला मुखवटा, मग लेकराचा. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसच्या हेलिऑस एअरवेजच्या बोइंग ७३७मध्ये दाबाचा स्विच ‘मॅन्युअल’वर (हाताने चालवण्यावर) राहिला होता, त्यामुळे केबिनमध्ये दाब राखला गेला नाही. भोंगा वाजला, वैमानिकांना तो दुसऱ्याच बिघाडाचा वाटला. ते बेशुद्ध झाले, विमान ऑटोपायलटवर इंधन संपेपर्यंत उडत राहिले आणि १२१ जण गेले. इशाऱ्याचा आवाज निःसंदिग्ध असणे हे व्हॉल्व्हइतकेच महत्त्वाचे आहे.

लढाऊ विमानांचा हिशोब वेगळा. ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात बनलेल्या सुखोई-३० एमकेआयसारख्या विमानांच्या कॉकपिटमध्येही दाब राखतात, परंतु लढाऊ विमानांत दाबफरक प्रवासी विमानापेक्षा कमी ठेवण्याची रीत आहे. गोळी लागून छत फुटले तर हवेचा स्फोट सौम्य राहावा, हे त्याचे एक कारण. उरलेली उणीव वैमानिकाच्या तोंडावरचा ऑक्सिजन मास्क भरून काढतो.