द्रावकसह जीवाणू

टोल्यूइन, झायलीन, स्टायरीन अशा सेंद्रिय द्रावकांत तग धरणाऱ्या जीवाणूंना द्रावकसह जीवाणू म्हणतात. एरवी टोल्यूइन हे जंतू मारण्याचेच साधन. पण 1989 मध्ये इनोउए व होरिकोशी या जपानी संशोधकांनी निम्मे टोल्यूइन असलेल्या माध्यमात वाढणारा स्यूडोमोनास पुटिडा हा जीवाणू दाखवला.

द्रावकाचा घाव पेशीपटलावर बसतो. स्निग्ध पटलात तो घुसला की पटल सैल पडते, पोटॅशियम आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बाहेर गळू लागतात. मध्यम तेलकट द्रावक सर्वांत घातक. इथेनॉल मारायला बरेच लागते, तर हेक्साडेकेन पाण्यात इतका कमी विरघळतो की पेशीपर्यंत पुरेसा पोचतच नाही.

बचावाची पहिली हालचाल मिनिटांत होते. पटलातील सिस मेदाम्लांची बाकदार साखळी ट्रान्स होऊन सरळ होते, साखळ्या दाटीने बसतात आणि पटल पुन्हा घट्ट होते. हे करणारे विकर (एन्झाइम) आधीच हजर असते, त्याला एटीपीही लागत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यासारखी उष्णताही पटल सैल करते, आणि तापमान चढले तरी हाच बदल सुरू होतो. खरी मदार मात्र पंपांवर. आतल्या पटलापासून बाहेरच्या पटलापर्यंत आरपार बसलेले हे प्रथिनपंप घुसलेले टोल्यूइन बाहेर फेकत राहतात. त्यात प्रोटॉनांची ऊर्जा खर्ची पडते, म्हणून वाढ मंदावते. यांतले काही पंप टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही प्रतिजैविकेही बाहेर टाकतात. ही बाब काळजीची आहे.

सहन करणे म्हणजे खाऊन टाकणे नव्हे. स्यूडोमोनास पुटिडाचा एस-12 हा वाण स्टायरीनवर जगतो. टोल्यूइन त्याला सोसते, पण पचत नाही. सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीसारख्या, रसायने व औषधद्रव्यांचे कारखाने असलेल्या वसाहतीत हा फरक ध्यानात ठेवावाच लागतो. सांडपाण्यातले टोल्यूइन कमी झाले म्हणजे जीवाणूंनी ते संपवले असे नाही. हवा सोडलेल्या टाकीतून बरेचसे नुसते उडूनही जाते.

थोड्या टोल्यूइनची आधी सवय झालेल्या पेशींत पंप वाढलेले असतात आणि पुढचा मोठा मारा त्या झेलतात. सवय नसलेल्या पेशी त्याच माऱ्यात बहुतांशी मरतात. ईटीपीमध्ये, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, द्रावकाचा लोंढा एकदम आला तर गाळातले जीवाणू दगावतात आणि सीओडी (पाण्यातील प्रदूषणाचे एक माप) उतरत नाही. इक्वलायझेशन टँकमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या साठवण टाकीत, पाणी साठवून ते समप्रमाणात पुढे सोडण्यावर म्हणूनच भर द्यायला हवा. बाहेरून जीवाणूंची पाकिटे आणून ओतण्याआधी ही टाकी नीट चालवावी.