क्षमा एकट्याची, समेट दोघांचा

ख्रिस्ती घरांत आणि मंडळ्यांत एक सल्ला फार सहज दिला जातो. भावाने वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सा परस्पर आपल्या नावावर करून घेतलेला असतो, नवऱ्याने वर्षानुवर्षे हात उगारलेला असतो किंवा विश्वासाने दिलेले पैसे जवळच्याच नातेवाइकाने बुडवलेले असतात, आणि दुखावलेल्या माणसाला सांगितले जाते, "प्रभूने क्षमा करायला सांगितले आहे, तेव्हा झाले गेले विसरा आणि पुन्हा पहिल्यासारखे राहा." या सल्ल्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. पूर्वार्ध क्षमेविषयी आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. उत्तरार्ध समेटाविषयी आहे, आणि समेट हा दुखावलेल्या माणसाने एकट्याने करून दाखवावा अशी आज्ञा मला पवित्र शास्त्रात कोठेही आढळलेली नाही.

क्षमा म्हणजे ज्याने आपले वाईट केले त्याच्यावर सूड उगवण्याचा, त्याचे वाईट चिंतण्याचा आपला हक्क देवासमोर सोडून देणे. त्यासाठी समोरचा माणूस हजर असण्याची, त्याने चूक कबूल करण्याची किंवा तो जिवंत असण्याचीही गरज नाही. समेट म्हणजे तुटलेले नाते पुन्हा जुळणे. त्यासाठी दोघेही लागतात, आणि ज्याने अन्याय केला त्याच्याकडून सत्याची कबुली, पश्चात्ताप आणि शक्य तेथे भरपाई लागते. क्षमा झाली की समेटाच्या मार्गातील आपल्या बाजूचा अडथळा दूर होतो. दुसऱ्या बाजूचा अडथळा दूर करणे आपल्या हाती नसते.

शुभवर्तमाने वाचताना हा भेद लक्षात घेतला नाही तर दोन वचने एकमेकांविरुद्ध उभी असल्यासारखी वाटतात. मार्काच्या अकराव्या अध्यायात येशू सांगतो की प्रार्थनेस उभे राहताना कोणाविरुद्ध मनात काही असेल तर त्याची क्षमा करा. तेथे समोरच्याच्या पश्चात्तापाचा उल्लेखही नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात मात्र तोच येशू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. पश्चात्तापाशिवाय क्षमा देता येते काय, याविषयी ख्रिस्ती विचारवंतांत जुना मतभेद आहे, आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे आहेत. मला स्वतःला असे वाटते की मार्कातील वचन प्रार्थना करणाऱ्याच्या अंतःकरणाकडे पाहते आणि लूकमधील वचन दोन भावांच्या नात्याकडे पाहते. पहिल्या ठिकाणी माणूस आणि देव एवढेच आहेत. दुसऱ्या ठिकाणी अपराध करणारा समोर उभा आहे, त्याला त्याचा दोष सांगितला गेला आहे आणि त्याने त्यावर काही उत्तर दिले आहे.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचे तर या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचन व्हायला हवे. भावाला किती वेळा क्षमा करावी हा शिष्य पेत्राने विचारलेला प्रश्न आणि "सातांच्या सत्तर वेळा" हे उत्तर सर्वांना पाठ असते. परंतु त्याच अध्यायात, त्या प्रश्नाच्या थोडे आधी, येशूने अपराधी भावाशी कसे वागावे याची पायरी-पायरीने रीत सांगितली आहे. प्रथम एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला दाखवावा, त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळवावे, आणि मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला परका मानावे. अमर्याद क्षमा आणि नात्यातील मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात, एकाच मुखातून आलेल्या आहेत. पुढे येणाऱ्या दाखल्यातील आकडेही विचार करण्यासारखे आहेत. राजाने चाकराला सोडलेले ऋण दहा हजार तालांतांचे होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे हे ऋण सुमारे सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. त्या चाकराने आपल्या सोबत्याचा गळा ज्या कर्जासाठी धरला, ते शंभर दिनारांचे होते. शंभर दिवसांची मजुरी ही गरीब माणसाला लहान रक्कम नव्हे, आणि येशूही ती लहान आहे असे म्हणत नाही. आपल्यावर झालेला अन्याय खराच असतो. देवाने आपल्याला जे सोडले आहे त्याच्या शेजारी ठेवल्यावर मात्र तो गळा धरण्याचे कारण उरत नाही. हा दाखला ऋण सोडण्याचा आहे. ज्याने एकदा पैसे बुडवले त्याच्या हाती पुन्हा तिजोरीची किल्ली द्यावी, असे त्यात कोठेही सुचवलेले नाही.

क्षमा आणि समेट यांमधील अंतर सर्वांत सविस्तर दाखवणारी कथा उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. योसेफ सतरा वर्षांचा असताना त्याच्या भावांनी त्याला वीस रुपयांना, म्हणजे चांदीच्या वीस नाण्यांना, विकले. ही कल्पना त्या भावांपैकी यहूदाची होती. तिसाव्या वर्षी योसेफ फारोसमोर उभा राहिला, मिसर (इजिप्त) देशाचा अधिकारी झाला, आणि सुकाळाच्या वर्षांत त्याला पहिला मुलगा झाला तेव्हा त्याने त्याचे नाव मनश्शे, म्हणजे विसर पाडणारा, असे ठेवले. कारण, तो म्हणाला, देवाने मला माझ्या सर्व कष्टांचा आणि बापाच्या घराचा विसर पाडला आहे. भाऊ धान्य मागायला येण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट आहे. त्या वाक्यात कडवटपणाचा लवलेश नाही, आणि भावांना शोधून धडा शिकवण्यासाठी त्याने आपला अधिकार वापरल्याचेही कोठे दिसत नाही.

पण भाऊ प्रत्यक्ष समोर आले तेव्हा योसेफाने त्यांच्या गळ्यात हात टाकले नाहीत. त्याने त्यांना ओळखले, स्वतःची ओळख मात्र दिली नाही. तो त्यांच्याशी दुभाष्यामार्फत आणि कठोरपणे बोलला, तीन दिवस त्यांना कैदेत ठेवले, शिमोनाला ओलीस ठेवून घेतले आणि धाकट्या बन्यामिनाला घेऊन येण्यास सांगितले. पुढे बन्यामिनाच्या गोणीत आपला चांदीचा प्याला ठेववून त्याने भावांना अशा जागी आणले की एका लाडक्या धाकट्या भावाला परक्या देशात गुलामीत सोडून आपण सुखरूप घरी जावे, हा मार्ग त्यांच्यापुढे पुन्हा खुला झाला. या प्रसंगांचा अर्थ काही वाचक सूड असा लावतात. मला तसे वाटत नाही, कारण मध्येच तो बाजूला जाऊन रडल्याचे कथेत सांगितलेले आहे, आणि सूड घेणारा माणूस भावांच्या गोण्यांत त्यांचे पैसे परत ठेववत नाही. त्याला एवढेच जाणून घ्यायचे होते की ही माणसे बदलली आहेत की नाहीत. ज्या यहूदाने भावाला विकले होते तोच पुढे होऊन म्हणाला की या मुलाऐवजी मला दास म्हणून ठेवून घ्या. त्या क्षणी योसेफाला स्वतःला आवरता आले नाही आणि त्याने आपली ओळख दिली. कथेच्या आरंभी म्हटले आहे की भाऊ त्याच्याशी सलोख्याने बोलू शकत नव्हते. ओळख पटल्यावर, मिठ्या आणि रडणे झाल्यावर, ते त्याच्याशी बोलू लागले असे नेमके नोंदवलेले आहे. समेट तेथे पूर्ण झाला, आणि विकले जाण्यापासून तोवर सुमारे बावीस वर्षे गेली होती.

तरीही तो समेट भावांच्या मनात पुरता रुजला नव्हता. त्यांचा बाप याकोब मिसरात सतरा वर्षे जगला, आणि तो वारल्याबरोबर भावांना भीती वाटू लागली की आता योसेफ आपले जुने उट्टे काढील. त्यांचा निरोप ऐकून योसेफ रडला. क्षमा करणाऱ्याचे मन मोकळे झाले तरी ज्याने अपराध केला त्याचा विश्वास बसायला किती काळ लागतो, हे या एका प्रसंगातून समजते.

याच याकोबाची आणि त्याचा भाऊ एसाव याची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. याकोबाने एसावाला मिळायचा बापाचा आशीर्वाद कपटाने घेतला होता आणि तो पळून गेला होता. वीस वर्षांनी दोघे भेटले, एसाव धावत आला, गळ्यात पडला, दोघे रडले. त्यानंतर एसावाने बरोबर चलण्याचा आग्रह केला, तेव्हा याकोबाने मुलाबाळांचे आणि गुराढोरांचे कारण सांगून त्याला सेईरला पुढे जाऊ दिले आणि स्वतः सुक्कोथास गेला. समेट झालेल्या माणसांनीही एकाच अंगणात राहावे असे नाही.

आपल्या देशातील दोन घटना शेजारी ठेवल्या तर हा फरक आणखी स्पष्ट होतो. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर गावी ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे, फिलिप आणि टिमथी, यांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि शिक्षा देणे हे कायद्याचे काम आहे हेही सांगितले. त्या लगेच देश सोडून गेल्या नाहीत. बारीपदा येथील कुष्ठरुग्णांची सेवा त्यांनी काही वर्षे चालू ठेवली. खटला आपल्या मार्गाने चालला, आणि मुख्य आरोपीला झालेली जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्यांची क्षमा कोणाच्या पश्चात्तापासाठी थांबलेली नव्हती, आणि तिच्यापायी न्यायालयाचे काम थांबावे असेही त्यांनी मागितले नाही.

दुसरी घटना मध्य प्रदेशातील आहे. केरळच्या सिस्टर राणी मारिया इंदूरजवळच्या भागात गरीब शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून सोडवण्याचे काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये त्यांच्यावर चाकूने वार करून त्यांची हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला भेटली आणि तिने त्याला राखी बांधली. त्याला पश्चात्ताप झालेला होता. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी लेखी संमती दिली, तो २००६ मध्ये सुटला, आणि नंतर राणी मारियांच्या केरळमधील घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांना भेटला. येथे क्षमेच्या पुढचे पाऊल पडले, कारण पलीकडून कोणीतरी ते पाऊल टाकायला तयार होता. स्टेन्स कुटुंबाची क्षमा यापेक्षा उणी होती असे मानणे अन्यायाचे होईल. क्षमेचे मोल समेट घडला की नाही यावर ठरत नाही.

ही सगळी मांडणी मला सर्वांत अगत्याची वाटते ती मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी. "क्षमा कर आणि नांदायला जा" हा सल्ला देणारे पाळक, नातेवाईक आणि मंडळीतील वडीलधारी माणसे बहुधा वाईट हेतूने बोलत नाहीत. घर मोडू नये हीच त्यांची इच्छा असते. पण नवऱ्याने कबुली दिलेली नाही, दारू सोडलेली नाही, कोणापुढे जबाबदार राहण्याचे मान्य केलेले नाही, आणि तरीही पत्नीला त्याच छपराखाली परत पाठवायचे, हे समेटाचे नाव देऊन अन्याय चालू ठेवणे आहे. ती माहेरी किंवा निवाऱ्यात राहून त्याला क्षमा करू शकते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली ती न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मागू शकते, आणि रात्री त्याच नवऱ्यासाठी प्रार्थनाही करू शकते. या गोष्टींत विरोध नाही. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिताना सर्वांशी शांतीने राहण्यास सांगितले, पण त्यापूर्वी "शक्य असेल तर" आणि "तुम्हांकडून होईल तितके" अशा दोन मर्यादा घातल्या. सर्व काही आपल्याकडून होणार नाही हे त्याला ठाऊक होते. विश्वास पुन्हा मिळवावा लागतो, आणि त्याला काळाची व वागणुकीची साक्ष लागते.

मग समेटाविषयी आशा धरायची की नाही? धरायची. क्षमा केलेला माणूस दार आतून कडी लावून बंद करत नाही. समोरचा बदलेल ही शक्यता तो देवाच्या हाती सोपवतो. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात मार्क नावाच्या सोबत्यावरून इतका तीव्र मतभेद झाला की ते वेगळे झाले, आणि तोच पौल पुढे तीमथ्याला लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय घडले ते शास्त्राने सांगितलेले नाही, पण नाते पुन्हा जुळले एवढे नक्की. ज्यांच्या बाबतीत समोरचा माणूस मरण पावला आहे, त्यांच्यासाठी या जन्मीचा समेट उरत नाही. क्षमा मात्र थडग्यापाशीही करता येते, आणि बापाविषयी मनात गाठ घेऊन जगणाऱ्या कितीतरी मुलांमुलींना हे कोणीतरी सांगण्याची गरज आहे.

आतापर्यंतचे लिखाण दुखावलेल्या माणसाच्या बाजूने आहे. ज्याच्या हातून अपराध घडला आहे त्याच्यासाठी क्रम उलटा आहे. डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, प्रथम जाऊन भावाशी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. अपराध करणाऱ्याला क्षमा मागता येते, तिच्यावर हक्क सांगता येत नाही; समेटाची वाट मात्र त्यानेच आधी चालायची असते. जकातदार जक्कयाने येशूसमोर उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेल्याची चौपट फेड करण्याचे जाहीर केले. मेंढरू चोरून विकणाऱ्याला मोशेच्या नियमशास्त्राने हीच चौपट भरपाई लावलेली होती. जमिनीचा हिस्सा बळकावणाऱ्या भावाला पाळकांनी प्रार्थनेआधी सातबारा दुरुस्त करून घेण्यास सांगितले, तर ते या वचनाला धरूनच होईल.