लिपोवर छापलेला सी आणि चार्जिंगचा सी

ड्रोन किंवा मॉडेल विमानाच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पॅकवरचं 3एस 2200 25सी, म्हणजे एकापुढे एक जोडलेले तीन सेल, 2200 एमएएच क्षमता आणि 25सी, वाचता येतं, त्यावरून ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) किती अँपिअरचा लावायचा तेही कळतं. तरी चार्जरसमोर बसलं की तोच प्रश्न पुन्हा येतो: "25सीचा पॅक आहे, मग सहा अँपिअरने चार्ज केला तर काय बिघडलं?" बिघडतं. तो 25 चार्जिंगचा नाहीच.

1सी म्हणजे पॅकच्या क्षमतेइतका करंट: 2200 एमएएचला 2.2 अँपिअर, 300ला 0.3, 5000ला 5. इथवर चार्जिंग असो की उडवणं, हिशेब एकच. पण छापलेला 25सी एवढंच सांगतो की मोटर या पॅकमधून 55 अँपिअर ओढू शकते. (स्वस्त पॅकवर हा आकडा पॅकच्या आधीच फुगलेला असतो.) चार्जिंगची मर्यादा वेगळी, आणि छापली असलीच तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. ती सापडली नाही तर 1सी. यात घासाघीस नको.

दोन्हींत एवढा फरक का, तर दिशेमुळे. चार्ज होताना लिथियमचे आयन सेलच्या ऋण बाजूच्या ग्राफाइटच्या थरांत शिरतात, आणि शिरायला वेळ लागतो. करंट वाढवला की दारातच गर्दी होते. मागून आलेले आयन आत न जाता ग्राफाइटवर धातू होऊन बसतात. त्यातला बराचसा परत कामाला येत नाही, म्हणून क्षमता घटते. इलेक्ट्रोलाइटशी त्याची प्रक्रिया होऊन गॅस सुटतो आणि पॅक फुगतो. या धातूचे काटे वाढून सेपरेटरच्या (सेलच्या दोन बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या पातळ पडद्याच्या) आरपार गेले तर सेल आतच शॉर्ट होतो. उडवताना आयन ग्राफाइटमधून बाहेर पडतात, तिथे ही गर्दी नाही. अडचण असते ती मुख्यतः उष्णतेची. थंडीत आत शिरणं आणखी मंदावतं, म्हणून डिसेंबरात रात्रभर गाडीत राहिलेला पॅक नाशिकच्या पहाटे थेट चार्जरला लावू नका, आधी खोलीत आणून ठेवा. उडवून आणलेला गरम पॅकही हाताला गार लागेपर्यंत थांबवा.

"चार्जर स्मार्ट आहे, तो बघून घेईल" हे दुसरं डोकेदुखीचं वाक्य. व्होल्टेजवरून आणि पांढऱ्या बॅलन्स कनेक्टरवरून त्याला सेल किती ते कळतं. 2200चा पॅक आहे की 300चा, हे कळायला साध्या चार्जरकडे काहीच मार्ग नाही. तो आकडा तुम्हीच द्यायचा. म्हणून मार खातात ते छोटे पॅक: मोठ्यासाठी ठेवलेले 2.2 अँपिअर 300च्या पॅकला तसेच लावले तर ते 7सीच्या वर गेले. तीन दिव्यांच्या स्वस्त चार्जरवर तर करंट बदलताच येत नाही. तो साधारण 0.8 अँपिअर देतो. 2200ला हे सावकाश, 300ला अडीच सीपेक्षा जास्त.

घाई करून वेळही फारसा वाचत नाही. सेल 4.20 व्होल्टला पोचला की चार्जर व्होल्टेज तिथेच धरून करंट उतरवत नेतो. करंट दुप्पट केला तर हा शेवटचा रेंगाळणारा टप्पा लवकर सुरू होतो आणि जास्त वेळ चालतो, त्यामुळे एकूण वेळ निम्मा होत नाही. शिवाय 50 वॅटचा चार्जर 12.6 व्होल्टच्या पॅकला चारच्या आसपासच अँपिअर देणार, खोक्यावर सहा लिहिलेले असोत.

बाकीचे गोंधळ किरकोळ. साधं चार्ज की बॅलन्स चार्ज? दरवेळी बॅलन्स, म्हणजे सगळे सेल सारख्या व्होल्टेजला आणणारं. लिपो 4.20 व्होल्टला थांबते, एलआयएचव्ही (जास्त व्होल्टेजची लिपो) 4.35ला, मोड चुकवू नका. आठवडाभर उडवणार नसाल तर स्टोरेज, म्हणजे सेलमागे 3.8 ते 3.85. जागा म्हणाल तर उघडी फरशी, पडद्यापासून आणि गादीपासून लांब, आणि तुम्ही तिथेच.

पॅरलल बोर्ड (एकाच चार्जरवर अनेक पॅक एकत्र लावायची पट्टी) वापरणाऱ्यांनी मात्र सी पुन्हा मोजायचा. एकाच सेलसंख्येचे, जवळपास सारख्या व्होल्टेजचे 2200चे दोन पॅक लावले तर 1सी झाला 4.4 अँपिअर. मध्येच एक उपटला की राहिलेल्याला सगळे 4.4, म्हणजे 2सी. आधी स्टॉप दाबा, मग पॅक काढा, आणि करंट निम्म्यावर आणूनच पुन्हा सुरू करा.