मिठाच्या पाण्यातला फासा आणि ग्लासातली पोर्ट

शनिवारी रात्री आमच्याकडे गेम नाइट असते. पाच जण, जेवणाचं टेबल रिकामं करायचं, त्यावर नकाशा, पेन्सिली, मध्ये डाइसचा ढीग आणि बाजूला पोर्ट नावाच्या गोड वाइनची एक बाटली. मागच्या वेळी काय झालं, मित्राच्या जांभळ्या डी-20 ने, म्हणजे 20 बाजूंच्या फाशाने, अख्ख्या रात्रीत एकदाही 20 दिला नाही, वीसेक वेळा तरी टाकला असेल त्याने, आणि शेवटी तो वैतागून म्हणाला की हा फासा पनवती आहे, देऊन टाकतो कुणाला तरी. मला ते बघवेना, कारण फासा सुंदर आहे, आत सोनेरी वर्ख आहे, आणि त्याची काही चूक आहे असं मला वाटत नव्हतं.

आधी हिशोब बघा. एकदा टाकल्यावर 20 न येण्याची शक्यता 20 पैकी 19. असं लागोपाठ वीसदा होण्याची शक्यता निघते जवळपास 36 टक्के. म्हणजे पाच जणांनी प्रत्येकी वीस वेळा टाकलं तर दर शनिवारी एक-दोघांची रात्र अशी कोरडी जाणारच.

पण फासा खरंच एका बाजूला जड असेल तर? हे घरी तपासता येतं. काचेच्या ग्लासात 200 मिली कोमट पाणी आणि त्यात 70 ग्रॅम मीठ, अगदी विरघळायचं थांबेपर्यंत ढवळायचं. खारातल्या कैऱ्यांसाठी पाणी करतो त्यापेक्षा बरंच खारट. साध्या पाण्याची घनता 1, अ‍ॅक्रिलिकच्या फाशाची साधारण 1.18, म्हणून तो साध्या पाण्यात बुडतो, आणि मिठाने पूर्ण भरलेल्या पाण्याची घनता जाते 1.2 च्या आसपास, म्हणजे फासा जेमतेम तरंगतो. आमचा जांभळा आधी तळाशी गेला, मग अजून दोन चमचे मीठ घातल्यावर अगदी हळू वर आला, नुसतं एक टोक पाण्याबाहेर. बोटाने टिचकी मारली की गोल फिरतो आणि थांबतो. दरवेळी तोच आकडा वर आला तर समजायचं की समोरची बाजू जड आहे (डी-20 मध्ये समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज 21 असते, म्हणजे 20 वर आला तर जड बाजू 1 ची). कसिनोतले पारदर्शक फासे मात्र या पाण्यातही बुडतात, ते सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असतात आणि त्याची घनता 1.3 च्या जवळ असते.

आमच्या फाशावर दरवेळी 13, 5 नाहीतर 15 येत होता, आणि हे तिन्ही आकडे एकमेकांच्या शेजारचे. म्हणजे थोडा तोल गेलेला आहे, बहुतेक रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये, हवेचा बुडबुडा राहिलाय. रेझिनचे डाइस बनवणारे लोक साचा प्रेशर पॉटमध्ये ठेवतात, बाहेरच्या हवेच्या तीन-चार पट दाब देतात, मग बुडबुडे दबून इतके बारीक होतात की दिसतच नाहीत. तरी एखादा राहतो.

मित्र लगेच म्हणाला, बघ, सांगितलं होतं ना! पण थांबा, इथेच खरी गंमत आहे.

1894 मध्ये लंडनमधल्या रॅफेल वेल्डन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने 12 फासे 26,306 वेळा टाकले आणि 5 किंवा 6 किती वेळा येतो ते लिहून ठेवलं. हाताने, कागदावर. एकूण 3,15,672 आकडे झाले. त्यात 5 किंवा 6 यायला हवे होते 1,05,224 वेळा, आले 1,06,602 वेळा. शेकडा फरक अगदी किरकोळ, पण एवढ्या मोठ्या संख्येत तो नुसत्या नशिबाने येत नाही, आणि संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने 1900 मध्ये असा फरक नशिबाचा आहे की नाही ते तपासणारी आपली काय-स्क्वेअर टेस्ट मांडली तेव्हा हेच आकडे वापरून दाखवले. आज औषधांच्या चाचण्यांपासून मतदानाच्या सर्व्हेपर्यंत सगळीकडे ती टेस्ट वापरतात, आणि तिच्या पहिल्या उदाहरणांमध्ये हे फासे होते याचा मला फार आनंद वाटतो.

कारण काय असावं? फाशावरचे ठिपके कोरलेले असतात, 6 च्या बाजूला सहा खड्डे, समोर 1 च्या बाजूला एकच, म्हणजे 6 ची बाजू हलकी आणि हलकी बाजू वर राहते. कितीतरी वर्षं हेच उत्तर दिलं जायचं. मग 2009 मध्ये शिकागो विद्यापीठात झॅकरायाह लॅबीने फासे हलवायला मशीन आणि मोजायला कॅमेरा लावून तोच प्रयोग 26,306 वेळा परत केला, आणि त्याला 1 आणि 6 हे दोन्ही जरा जास्त सापडले. समोरासमोरच्या दोन्ही बाजू! वजनाचा दोष असता तर एक वाढून दुसरी कमी झाली असती. फासे मोजल्यावर दिसलं की 1 ते 6 हे अंतर बाकीच्या दोन अंतरांपेक्षा किंचित कमी आहे, फासा अगदी थोडासा चपटा. म्हणजे तिथे आकार बोलत होता.

मिठाचं पाणी म्हणून जरा जास्तच चोखंदळ असतं. पाण्यात फाशाला घाई नसते, घर्षण जवळपास नाही, इवलासा बुडबुडासुद्धा त्याला हळूहळू वळवू शकतो. टेबलावर तोच फासा जोरात येतो, आपटतो, उड्या मारतो आणि एका क्षणात सपाट बाजूवर बसतो, तिथे त्या बुडबुड्याला फारसं काही करता येत नाही. 100 वेळा टाकला तर 20 सरासरी पाच वेळा यायचा, पण तीन वेळा आला किंवा सात वेळा आला तरी ते अगदी नॉर्मल. बारीक दोष पकडायचा तर हजारो वेळा टाकावा लागतो. मित्राने फासा परत पिशवीत ठेवला.

आता वाइन. दोन्ही शौक एकत्र असणारा माझा आवडता माणूस म्हणजे सॅम्युअल पीप्स, सतराव्या शतकातला इंग्लंडच्या नौदलाचा अधिकारी, ज्याचं नाव न्यूटनच्या प्रिन्सिपिया या ग्रंथाच्या पहिल्या पानावर छापलेलं आहे कारण छपाईची परवानगी दिली तेव्हा तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. जुलै 1665 मध्ये त्याने आपल्या तळघरातल्या पिंपांची यादी डायरीत लिहिलीय, त्यात सॅक आहे, म्हणजे आजच्या शेरी या स्पॅनिश वाइनची पूर्वज, आणि मालागा ही तिथलीच वाइनही आहे. आणि 1693 मध्ये त्याने न्यूटनला पत्र पाठवून विचारलं, 6 फाशांत निदान एक सहा, 12 मध्ये निदान दोन, की 18 मध्ये निदान तीन, यातलं जास्त शक्य कुठलं? त्याला स्वतःला 18 वालं वाटत होतं. न्यूटनने हिशोब करून सांगितलं की पहिलं. साधारण 66.5 टक्के, मग 61.9, मग 59.7.

पोर्ट म्हटलं की आपल्याकडे गोव्याहून आणलेली स्वस्त गोड लाल बाटली डोळ्यांसमोर येते. तिला नावं ठेवायची नाहीत मला, पण खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरो नदीच्या खोऱ्यातली, ज्याची हद्द 1756 पासून ठरवायला सुरुवात झाली. आणि तिची सगळी कला परत घनतेवरच येते. द्राक्षाचा रस साखरेमुळे पाण्यापेक्षा जड असतो, साधारण 1.1. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, अल्कोहोल हलकं, त्यामुळे घनता तासातासाला खाली येते, आणि दूधवाल्याकडच्या लॅक्टोमीटरसारखीच काचेची नळी रसात सोडून ते मोजता येतं. दोन-तीन दिवसांत निम्मी साखर संपते, तेवढ्यात 77 टक्के अल्कोहोलची द्राक्षाची दारू ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. अल्कोहोल एकदम 20 टक्क्यांच्या घरात जातं, यीस्टला ते झेपत नाही, काम थांबतं आणि लिटरमागे साधारण 100 ग्रॅम साखर वाइनमध्ये तशीच राहते. थोडा उशीर झाला तर कमी गोड, घाई केली तर पाक!

शेरीत याच्या उलट, आधी साखर जवळपास सगळी संपू देतात आणि मग दारू घालतात, आणि तिथे दोन टक्क्यांत सगळं बदलतं. 15 टक्क्यांवर ठेवली तर पिंपात वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते, तिला फ्लोर म्हणतात, ती वाइनला हवेपासून वाचवते आणि फिकट, कोरडी फिनो तयार होते. 17 च्या वर नेली तर ती सायच मरते, हवा लागते आणि वर्षानुवर्षांनी तपकिरी ओलोरोसो मिळते.

गेम नाइटला अशी दारू घातलेली वाइनच का, तर प्रमाण छोटं. 75 मिली पोर्टमध्ये साधारण 12 ग्रॅम अल्कोहोल, साध्या वाइनच्या 150 मिली ग्लासात 15 ग्रॅम, आणि चार तासांच्या खेळात तो एक छोटा ग्लास घोट घोट पुरतो, डोकं जागेवर राहतं. बाटली त्याच रात्री संपवायची घाईही नसते, टॉनी, म्हणजे पिंपात मुरवलेली पोर्ट फ्रिजमध्ये महिनाभर आरामात टिकते. फक्त ती डाइसवर सांडली तर साबणाच्या पाण्याने धुवायचं, स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने अ‍ॅक्रिलिक अजिबात पुसायचं नाही, त्याला बारीक तडे जातात.

टिकण्याचा विषय निघाला म्हणून सांगते, माझ्या संग्रहातली एक जोडी मी वेगळ्या डबीत ठेवलीय. भावाने इंग्लंडहून आणलेले जुने कसिनोचे फासे, मधाच्या रंगाचे, सेल्युलॉइडचे. हे प्लास्टिक कित्येक दशकं काचेसारखं राहतं आणि मग एक दिवस कोपऱ्यापासून विटायला लागतं, त्यातून नायट्रिक आम्ल सुटतं, आणि ते शेजारच्या फाशांनाही लागतं. एकाच्या कडेला धुकं आल्यासारखं दिसत होतं, परवा उचलला तर कोपरा साखरेच्या खड्यासारखा बोटावर आला. त्याला थांबवता येत नाही. बाकीच्यांपासून लांब आणि हवेशीर ठेवायचं, एवढंच हातात आहे.

मदेराचं नेमकं उलटं. ही वाइन मुद्दाम तापवतात, 45 ते 50 अंशांवर निदान तीन महिने, कारण जुन्या काळी जहाजातून उष्ण कटिबंधात फिरून आलेली पिंपं जास्त चवदार लागायची. आता तिचं अजून काही बिघडायचं शिल्लकच नसतं, उघडी बाटली महिनोन् महिने राहते. या मुरण्यात सोटोलॉन नावाचा रेणू तयार होतो, आणि मेथीच्या दाण्यांचा वास मुख्यतः त्याच रेणूचा असतो. मागच्या शनिवारी आई टेबलापाशी आली होती, ती पीत नाही, नुसता ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, अगं, मेथीच्या लाडवांचा डबा उघडल्यासारखं वाटतंय.